शेपटीतलं इंजिन

विमान अजून जागचं हललं नव्हतं, तोच आतला गार वारा बंद पडला. "शेपटीतलं छोटं इंजिन तपासतायत," हवाई सुंदरी म्हणाली. "तपासल्याशिवाय निघायला परवानगी नाही, आणि बंद केल्याशिवाय तपासता येत नाही."

लोक वैतागले. मग एकेकाने समोरच्या खिशातलं सुरक्षेच्या सूचनांचं कार्ड काढलं आणि न वाचताच त्याने वारा घ्यायला सुरुवात केली.

हे छोटं इंजिन म्हणे विमान उडवत नाही. विमान उभं असताना दिवे आणि वारा तेवढा चालू ठेवतं. चालू असतं तोवर ते आहे हेही कुणाला ठाऊक नसतं. आईच्या आजारपणात वर्षभर मी घरात तेच करत होते. बंद करून बघावं, असं कुणाला वाटलं नाही. खरं तर मलाही नाही.

शेजारच्या अनोळखी काकू स्वतःला वारा घेता घेता मलाही घालू लागल्या. "दमलेली दिसतेस गं," त्या म्हणाल्या.

सवयीने "नाही हो" म्हणायला तोंड उघडलं, आणि "हो" म्हणून गेले.