आक्काच्या लुगड्याची भिंत

हे मी कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशी नाही. देवापुढं बसते तेव्हासुद्धा एवढं सोडून बाकीचं सगळं बोलते, आणि तोही कधी विचारत नाही. आज तुम्ही समोर बसलात म्हणून तोंड उघडलंय. पण एकदम नाही जमणार बाई. आधी मला त्या घराबद्दल सांगू द्या. घर म्हणजे बाहुलीचं घर — आमचं नव्हे.

हिंगोलीला पूर्वी गोऱ्यांची छावणी होती. ती उठली, साहेबलोक गेले, आणि त्यांचं सामानसुमान गावोगाव पांगलं. एका म्हाताऱ्या खानसाम्याकडं साहेबाच्या पोरीचं लाकडी घर राहून गेलं होतं. दोन मजले, मधून जिना, पुढची भिंत दारासारखी उघडायची. माझ्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, ते कुठंतरी पाहिलं आणि नवऱ्याच्या मागं लागून कळमनुरीला, तिच्या सासरी, आणवलं. पार मोडकं. "माझ्या कौशीसाठी ह्याला नवं करते का न्हाई बघच," म्हणायची. कौशी तिची एकुलती लेक. घर धान्याच्या खोलीत तसंच पडून राहिलं, आणि आक्का तापानं गेली.

वर्ष सरायच्या आत मला तिच्याच घरी दिली. तेव्हा तसंच करायचे — लेकराला परकी बाई नको, मावशी बरी. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी 'व्हय'च म्हणाले असते, कारण कौशीवर माझा जीव होता. पाच-सहा वर्षांची, डोळे थेट आक्काचे. पण ते लेकरू माझ्याकडं बघायचंच नाही. ताट वाढलं की तोंड फिरवायचं. दिवसभर मुसमुसत राहायचं, रडून रडून आवाज बसलेला. आणि मला म्हणायची मावशी. आता मावशीच होते की मी! मग वाईट वाटायचं कारण काय? पण वाटायचं. शेजारच्या बाया मुद्दाम विचारायच्या, "आई म्हणती का गं आता?" मी हसायची आणि दुसरंच काहीतरी काढायची.

मग मी ते घर बाहेर ओढलं.

मागची फळी वाळवीनं पुरती खाल्लेली, हात लावला की भुगा. छपराची एक बाजूच नव्हती, तिथं घासलेटच्या डब्याचा पत्रा कापून ठोकला. आतल्या भिंती पांढऱ्या मातीनं बोटानं सारवल्या. साहेबाच्या त्या घरात चूल नाही, देव्हारा नाही — काय घर म्हणायचं ते! मी मातीची चूल केली, बोराएवढं जातं केलं. ज्वारीच्या धांड्याचं आतलं मऊ भेंड सोलून त्याची बाज केली, खिळ्यांच्या जागी बाभळीचे काटे टोचले, सुतळी उकलून एकेका धाग्यानं ती विणली. कौशीचे वडील कापडाचा व्यापार करायचे, आसपासचे गोरेगाव, हट्टा असे बाजार करत फिरायचे, त्यामुळं घरात चिंध्यांना तोटा नव्हता. पण बाजेवरची वाकळ मी आक्काच्या चोळीची शिवली. आक्काच्या फुटक्या फणीचा झोपाळा केला. आणि मागच्या भिंतीला, फळी कुठून आणणार, आक्काचं निळं लुगडं फाडलं आणि चिंचोक्यांच्या खळीनं ताणून चिकटवलं. वाळल्यावर ते पापडासारखं ताठ झालं.

कौशी आधी लांबून बघायची. मग जवळ आली. मग माझ्या हातात काटे देऊ लागली. ते दिवस फार चांगले होते, खरंच सांगते.

आमच्या माजघराच्या आणि धान्याच्या खोलीच्या मधल्या भिंतीत एक आरपार खिडकी होती, फळ्या नसलेली. घर तिच्यात बराबर बसलं. तोंड माजघरात, पाठ धान्याच्या खोलीत. एवढं ध्यानात ठेवा.

मी चिंधीची एक भावली करून आत निजवली. कौशीनं ती उचलून झोपाळ्यावर बसवली आणि म्हणाली, "ही आई." त्या दिवसापासून रोज दिवेलागणीला ती घरापुढं मांडी घालून बसायची आणि दिवसभराचं सगळं तिला सांगायची. माझ्यापाशी चकार शब्द नाही बरं का. सगळं तिला.

एकदा मी धान्याच्या खोलीत सुपात ज्वारी घेत होते. पलीकडून कौशीचा आवाज आला, "आई, जेवली का गं?"

आता हे सांगायला पाहिजे — आक्काचा आणि माझा आवाज एक होता. माहेरी आईसुद्धा फसायची. एकीला हाक मारायची आणि दुसरीला कामाला लावायची. फक्त आक्का बोलता बोलता शेवट जरा ओढायची. मी सुपावर वाकलेली होते, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "व्हय गं माय, जेवलेऽ. तू जेव."

मग कौशी पळत स्वयंपाकघरात गेली आणि माझी वाट बघत ताटापुढं बसली. पोटभर जेवली. तुम्हीच सांगा, कुणी काय केलं असतं? नाही, नका सांगू. मी विचारलंच उगीच.

मग मी रोज तिकडं जाऊ लागले. "वेणी घालून घे." "मावशीला तरास देऊ नको." लेकरू सुधारलं, अंगावर मूठभर मांस चढलं. शेजारणी म्हणायच्या, मावशीच्या हाताला गुण आहे. माझ्या हाताला! आणि कौशी? ती मला तेवढीच लांब. आक्काचं ऐकून वेणीला बसायची, आणि वेणी झाली की उठून आक्काकडं. मेलेल्या माणसाशी कसं भांडायचं हो? त्यात ते मेलेलं माणूस मीच. आरशात बघून जळावं, तसं मी जळत होते.

बघा, लांबण लावली. येते, येते तिथं.

एका संध्याकाळी मी चुलीपाशी भाकरी थापत होते. माजघरातून कौशीचं बोलणं ऐकू येत होतं. ती बोलायची, थांबायची, मग खुदकन हसायची. पुन्हा बोलायची. कुणीतरी उत्तर देतंय आणि ही ऐकतेय, असं ते थांबणं होतं. मी तर चुलीपाशी. मग कोण बोलत होतं?

मी तव्यावरची भाकरी तशीच टाकून गेले. "कौशे, कुणाशी बोलून राहिली गं?"

"आईशी. आई सांगून राहिली, तू लहानपणी चिंचोका गिळला व्हता. पोटात झाड यीन म्हणून रडली व्हती."

ते मला आणि आक्काला सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं. पोटावर हात ठेवून आक्का माझ्याजवळ बसली होती आणि आईला न सांगायची शपथ तिनं पाळली होती. आक्कानं जिवंतपणी लेकीला सांगितलं असेल? असेलही. लेकरू केवढंसं होतं तेव्हा! मी घराकडं बघितलं. फणीचा झोपाळा हलत होता. कौशीचे हात तिच्या मांडीत. आणि मागचं लुगडं, खळीनं ताठ झालेलं, मध्यभागी आत फुगलं होतं, पलीकडून कुणी गाल टेकवावा तसं. मी फिरून धान्याच्या खोलीकडं गेले. दाराला बाहेरून कडी होती. मीच घातलेली.

भ्याले म्हणून पुढचं केलं, असं म्हणाले तर ते निम्मं खोटं होईल. भ्याले तर होतेच. पण भीतीपेक्षा मोठं दुसरंच होतं. मला वाटलं, आली! एवढं करून शेवटी ही स्वतःच आली. आता माझं काय राहिलं इथं?

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी कडी काढून आत गेले. ज्वारीच्या पोत्याला टेकून बसले. कौशी पलीकडं येऊन बसल्याचं कळलं, बांगड्या वाजल्या. तिनं हाक मारायच्या आधीच मी बोलले. आक्कासारखी. शेवट ओढत.

"कौशे, मी आता जातेऽ. पुन्ना येणार न्हाई. मला हाक मारू नको. मावशीला आई म्हणत जाय. आन् रडू नको, माय. तू रडली की मला तिकडं लई तकलीफ होतेऽ."

हेच ते. एवढंच. पाच-सहा वाक्यं.

पलीकडून बारीक आवाज आला, "बरं." आणि त्याच वेळी माझ्या तोंडापुढचं ते लुगडं एकदा बाहेर फुगलं आणि हळूहळू आत गेलं. हुंदका गिळताना छाती जाते, तसं. ती कौशी होती का? ती तर तेव्हा उठून गेली होती, तिचे पैंजण चुलीकडं वाजत होते.

माझी बहीण लेकीसाठी आली होती, आणि मी तिच्याच आवाजात तिला हाकलून लावलं. वारा असेल, उंदीर असेल, तुम्ही काहीही म्हणा. मी काय समजून बोलले ते मला ठाऊक आहे.

सकाळी कौशी फणी घेऊन आली. "आई, वेणी घाल." मी इतकी खूश झाले, इतकी खूश झाले, की दारात जाऊन शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "ये गं माझ्या लेकी!"

ती रडायची थांबली. एकदम. पुढं एकदा विंचू चावला, ओठ काळेनिळे पडले, पण तिनं हूं की चूं केलं नाही. लग्न झालं, सासरी निघाली, गल्लीतल्या बाया रडल्या, मी रडले, कौशीचे वडील खांबाआड गेले. ही कोरडी. पदरानं माझे डोळे पुसत होती. "दगडाच्या काळजाची पोर," बाया म्हणाल्या. मी ऐकून घेतलं.

पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली. निजामी जायच्या आधीचे ते महिने. संध्याकाळ झाली की धाडीच्या भीतीनं दारं बंद, लोक हळू बोलायचे, लेकरं रडली तर तोंडावर हात ठेवायचे. एका दुपारी ती कुठं दिसेना. मी शोधत धान्याच्या खोलीत गेले. खुंटीला धरून उभी होती, ओठ चावून रक्त आलेलं, त्या घराच्या पाठीकडं तोंड करून. कळा पहाटेपासूनच येत होत्या. तिनं कुणाला कळू दिलं नव्हतं.

हुसेनबी सुईण आली, हात लावून बघितला आणि कपाळ बडवलं. "इतका येळ काहून बोलली न्हाई गं? वरड! कळ आली की वरड, मला समजू दे!"

कौशीनं मान हलवली. "आईला तकलीफ होते."

"या खुदा," हुसेनबी माझ्याकडं बघून म्हणाली, "केवढी माया गं ह्या पोरीची तुझ्यावर!"

मी तिच्या उशाशी होते. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. वाकून कानात सांगायचं होतं — कौशे, ती मी होते. वरड. तुझ्या आईनं तसं कधीच म्हटलं नव्हतं. एवढंच. माझं तोंड उघडलं होतं, मला आठवतं. पण ते सांगितलं असतं तर तिनं मला पुन्हा मावशी म्हटलं असतं. त्या वेळी, लेकराच्या जिवावर बेतलेलं असताना, माझ्या मनात हे आलं. मी तोंड मिटलं.

मुलगा झाला. निळा. हुसेनबीनं उलटा धरला, थापटला, तोंडावर पाणी मारलं.

कौशीनं डोळे उघडून विचारलं, "रडला न्हाई?"

"न्हाई बेटी."

"शाणं माझं लेकरू," ती म्हणाली, आणि डोळे मिटले.

दिवस तसले होते. पोर भीतीनं गप्प राहिली असं सगळे म्हणाले. तिच्या सासरचेही तेच म्हणाले. मी मान डोलावली.

कौशी आहे. तिला पुढं लेकरं झाली, सुखात आहे म्हणतात. ते घर अजून त्या खिडकीत आहे, लुगड्याचा निळा रंग उडून गेलाय. दिवेलागणीला मी कितीदा पोत्याला टेकून बसले, आक्का आक्का म्हणाले. तिकडून काही येत नाही. दिवाळीला कौशी येते. उंबऱ्याबाहेर उभी राहून, अजून आत पाय टाकलेला नसतो, तेव्हाच हाक मारते, "आई!"

आणि मी ओ देते.