नळाचा झरा

माझ्या नावावर जी गाणी आहेत, त्यांतलं सगळ्यात जास्त वाजलेलं गाणं माझं नाही.

लोक भेटले की तेच गुणगुणतात. हळदीला वाजतं, शाळांच्या गॅदरिंगला वाजतं, सोसायटीच्या पूजेला वाजतं. एकदा साकीनाक्याच्या सिग्नलला रिक्षात लागलं, तेव्हा मी रिक्षावाल्याला म्हणाले, जरा बारीक करा. तो म्हणाला, "काय मॅडम, झकास गाणं आहे, पारंपरिक आहे." मी बाहेर बघत बसले.

ते गाणं माझ्या पप्पांचं आहे.

आमचं घर घाटकोपरच्या टेकडीवर. पप्पा एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते आणि कामावरून आले की त्यांची गायन पार्टी. पेटी, ढोलकी, झांजा आणि चार गळे. जयंती, लग्न, बारसं, बोलावलं की पार्टी निघाली. पप्पा सातवी शिकलेले, पण गाणी स्वतः लिहायचे, चाल स्वतः लावायचे. आमच्यात रीत अशी की गाणं करणारा शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतो. पुस्तक छापलेलं नसतं, रेकॉर्ड निघालेली नसते. दुसऱ्या पार्टीनं गाणं उचललं तरी शेवटचं कडवं आलं की कळतं, हे कुणाचं. दुसऱ्याचं गाणं गाताना चाल थोडी इकडेतिकडे झाली तर कुणी काही म्हणत नाही. शेवटचं कडवं गाळलं तर मात्र भांडण होतं. हे मला कुणी शिकवलं नाही. ज्या घरात ढोलकी पलंगाखाली असते तिथं हे शिकवावं लागत नाही.

(या लेखात मी कुणाचंच नाव लिहिलेलं नाही. पप्पांना विचारलं होतं. म्हणाले, "लेख तुझा आहे, त्यात तुझं काय ते लिही. माझं नाव गाण्यात असू दे.")

मी सहावीत असताना टेकडीवर नळ आला. त्याआधी पाणी खालून, मेन रोडवरून आणायचं. चार वर्षं मोर्चे झाले, अर्ज झाले, आणि एका सकाळी नळाला खरंच पाणी आलं. त्या आठवड्यात पप्पांनी गाणं केलं.

नळ आला गं दारी,
आता हंडा ठेव खाली.

चार कडवी होती. पहिल्यात खालच्या नळावरची भांडणं, दुसऱ्यात वॉर्ड ऑफिसच्या फेऱ्या, तिसऱ्यात पाणी सुटल्यावर नाचणाऱ्या बायका, चौथ्यात पप्पांचं नाव. लहानपणी आम्ही पोरं तेच म्हणत उड्या मारायचो.

मी घरातली पहिली ग्रॅज्युएट. बी.कॉम., फर्स्ट क्लास. पेटी पप्पांच्या मांडीवर बसून शिकले, कीबोर्ड पुढे स्वतःच्या कमाईतून घेतला. कॉलेजात एकांकिकांना संगीत दिलं, मग अंधेरीच्या स्टुडिओंत जिंगल केल्या, मग पॉप गाणी. त्यांतली दोन चांगली चालली. कुणाच्या ओळखीनं नाही, कुणाच्या पाया पडून नाही. हे मी आजही ताठ मानेनं सांगते. मात्र कामावर मी आडनाव लावत नव्हते, नुसतं नाव. कुणी विचारलं तर म्हणायचे, स्टाइल आहे. स्टाइल नव्हती. आडनाव ऐकल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर एक क्षण जे होतं, ते मला बघायचं नव्हतं.

मग एक मोठं संगीत नाटक मिळालं. अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात तालमी चालायच्या. दोन आठवडे उरले होते आणि मध्यंतराआधीचं गाणं होत नव्हतं. माझ्या तीन चाली दिग्दर्शकानं नाकारल्या होत्या. तो माझ्याच वयाचा, वागायला बरा, पण नाही म्हणताना चेहरा असा करायचा की जणू माझीच दया येतेय. त्या दुपारी सगळे वडापाव खात होते, मी कीबोर्डवर बसले होते आणि बोटं आपोआप पप्पांच्या चालीवर गेली.

"थांब, थांब," दिग्दर्शक तोंडातला घास तसाच ठेवून म्हणाला. "हे काय आहे?"

"काही नाही, असंच."

"असंच काय? अगं, हेच पाहिजे आपल्याला! कुठनं आणलंस?"

'माझ्या पप्पांचं आहे' म्हणायला किती वेळ लागला असता? पण मला पुढचे प्रश्न दिसले. पप्पा काय करतात? कसली पार्टी? कुठं गातात? त्या गाळ्यात घरी तानपुरा असलेली माणसं होती. आजोबांचे गुरू कोण, यावर त्यांच्या गप्पा चालायच्या.

"गावाकडचं आहे," मी म्हणाले. "पारंपरिक."

"वाटलंच मला. मातीतलं आहे ते, लगेच कळतं. शब्दांसकट घेऊ."

आता गावाकडच्या पारंपरिक गाण्यात महानगरपालिकेचा नळ कसा येईल? दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळाचा झरा केला. एक मात्रा वाढली, ती मी 'गं'मध्ये पचवली. कारागिरी चोख होती, त्याबद्दल मला शंका नाही. पहिल्या कडव्यातला मेन रोड काढून रानवाट घातली, दुसऱ्यातलं वॉर्ड ऑफिस काढून चांदणं घातलं. तिसरं तसंच ठेवलं. चौथं कापलं. दिग्दर्शकानं विचारलंसुद्धा नाही. तिथं चौथं होतं हे माहीत असलेली त्या गाळ्यात मी एकटी होते.

पहिला प्रयोग मुलुंडला होता. पप्पा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले, आई काठाच्या साडीत. मी त्यांच्या शेजारी बसले. गाण्याचे पहिले सूर वाजले आणि पप्पांनी आईला कोपर मारलं. "ऐक, ऐक." मग नटीनं 'झरा' म्हटलं. पप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण खुर्चीच्या हातावर त्यांचा ठेका सुरू झाला होता तो थांबला नाही. तिसरं कडवं झालं, लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, पडदा पडला. पप्पांचा हात अजून चालू होता. पुढचं कडवं येणार म्हणून ते ठेका धरून बसले होते. मग दिवे लागले.

बाहेर चहाच्या गर्दीत म्हणाले, "चौथं?"

"वेळ बसत नाही पप्पा. नाटकात चार कडवी जड होतात."

"हां, ते आहेच." चहाचा घोट घेतला. "आणि झरा कुठला गं? टेकडीवर झरा कधी होता?"

"असू द्या ना," आई म्हणाली. "पोरीचं नाटक आहे."

"मी कुठं काय म्हणतोय? फक्त पालिकेला कळू देऊ नका. झऱ्याचंपण बिल लावतील."

आम्ही तिघंही हसलो. मी जरा जास्तच हसले.

पप्पांना छापलेलं काहीही पूर्ण वाचायची सवय. सकाळी बघते तर नाटकाची पुस्तिका घेऊन बसलेले, चष्मा नाकावर, एकेका ओळीखाली बोट. बोट एका ठिकाणी थांबलं.

"पारंपरिक म्हणजे काय गं? नीट सांग. तू शिकलेली आहेस."

"म्हणजे पूर्वीपासून चालत आलेलं."

"आणि करणारा?"

"तो माहीत नसतो."

"माहीत नसतो," ते म्हणाले आणि बोट पुढच्या ओळीवर नेलं. प्रकाशयोजना, रंगभूषा, सगळं वाचून काढलं.

मी म्हणाले, पुढच्या पुस्तिकेत बदलते. मी खरंच तसं ठरवलं होतं. पुढची पुस्तिका छापली, मी बदललं नाही. कुणाला तरी फोन करून सांगावं लागलं असतं की मी खोटं बोलले होते.

काही दिवसांनी पार्टीतले ढोलकीवाले काका घरी आले. मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते, त्यांना ते माहीत नव्हतं.

"तुझ्या पोरीनं गाण्याची वाट लावली रे. नाव कुठाय तुझं? दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्याच्या दारात जाऊन बसला असतास."

"मीच सांगितलं तिला," पप्पा म्हणाले. "म्हटलं, नाव नको घालू. आपण जुनी माणसं, आपल्याला काय करायचंय आता?"

"तू सांगितलंस?"

"हो रे. मीच."

चहा उतू गेला. पप्पांना खोटं बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

एवढ्यावर मी शहाणी व्हायला हवं होतं. नाही झाले. नाटक चाललं, मग त्या गाण्याचं स्वतंत्र रेकॉर्डिंग निघालं. कंपनीनं फॉर्म पाठवला. गीत कुणाचं, चाल कुणाची, एकेक रकाना. नाटकाच्या वेळी घाई होती असं म्हणता येईल. इथं कसलीही घाई नव्हती. घरात एकटी होते, पंखा चालू होता, पेन हातात होतं. मी दोन्ही रकान्यांत 'पारंपरिक' लिहिलं आणि खाली संगीत संयोजन म्हणून स्वतःचं नाव. पुढे मुलाखती झाल्या. एकीत मी सांगितलं की महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत फिरून मी लोकसंगीताचा अभ्यास केलाय. मी आमच्या मूळ गावीसुद्धा दोनदाच गेलेय, तेही लग्नाला.

पप्पांनी ती मुलाखत बघितली. आईनं सांगितलं, पूर्ण बघितली म्हणून.

मागच्या वर्षी बोरिवलीला मावसभावाचं लग्न होतं. दुपारची वेळ, विधी झालेला, जेवणं सुरू. स्टेजवर ऑर्केस्ट्रा होता आणि चमकीच्या साडीतली एक गायिका. ती म्हणाली, "आता सगळ्यांनी नाचायचं हं! आपलं पारंपरिक गाणं!" आणि सुरू झालं, झरा आला गं दारी. बायका उठल्या. टेकडीवरच्या त्याच नळावर अर्धं आयुष्य हंडे भरलेल्या माझ्या दोन माम्या 'झरा आला, झरा आला' करत फेर धरून नाचत होत्या. पप्पा भिंतीकडच्या खुर्चीत ताट घेऊन बसले होते. ताटाकडे बघून जेवत होते.

मला ते बघवेना. गाणं संपत आलं तशी मी स्टेजजवळ गेले.

"ताई, हे पारंपरिक नाहीये. माझ्या वडिलांचं आहे."

"अहो ताई, प्रत्येक लग्नात कुणीतरी येतंच," ती हसून म्हणाली. "आमच्या आजीचं आहे, आमच्या गावचं आहे." तिनं कीबोर्डवरचा मोबाइल उचलून माझ्यासमोर धरला. "हे बघा. पारंपरिक. मोठ्या बाई आहेत त्या, गावोगाव फिरून शोधलंय त्यांनी. मुलाखत आहे, ऐकायचीय?"

"ती मीच."

तिनं मोबाइलवरचा फोटो पाहिला, मला पाहिलं.

"मग हे 'पारंपरिक' तुम्हीच लिहिलंय ना, ताई?"

"हो."

"मग माझं काय चुकलं?"

"तुमचं काही नाही. मी खोटं लिहिलं."

मागे वाजवणारे तोच ठेका धरून थांबले होते. तिनं माइक माझ्या हातात दिला. "मग खरं काय ते तुम्ही गा. पटकन हं, लोक उभे आहेत."

मी माइकवर म्हणाले, हे गाणं माझ्या पप्पांनी केलंय, ते तिकडे बसलेत. यात झरा नाही, नळ आहे. माम्यांतली एक ओरडली, "अगं हो की! आपला नळ!" लोक हसले, कुणीतरी शिट्टी मारली. मी सरळ चौथं कडवं धरलं.

नळ घेतला हक्कानं,
नाही कुणाच्या मेहेरबानीनं...

आणि पुढची ओळ आली नाही. त्या ओळीत पप्पांचं नाव आहे एवढं माहीत होतं, पण नावापर्यंत नेणारे शब्द गेले होते. कीबोर्डवाल्यानं एक आवर्तन दिलं. अजून एक दिलं. माझं तोंड उघडं तसंच. शेवटी गायिकेनं माइक हळूच काढून घेतला आणि दुसरं गाणं सुरू केलं. बायका त्यावरही नाचायला लागल्या.

मी पप्पांशेजारी जाऊन बसले.

"पहिल्या दोन ओळी बरोबर होत्या," ते म्हणाले.

"पुढची सांगा ना."

"जेवू दे आधी."

ते सावकाश जेवले. उठून हात धुतले, रुमालाला पुसले, परत येऊन बसले. "कागद आहे?"

"मोबाइलवर घेते."

"सगळं घे. पहिल्यापासून. मधूनच चौथं घेशील तर तुला ते लागायचं नाही."

ते सांगत गेले, मी लिहीत गेले. खालचा मेन रोड, वॉर्ड ऑफिसचा साहेब, नाचणाऱ्या बायका. ऑर्केस्ट्राच्या आवाजात मला वाकून ऐकावं लागत होतं. चौथ्याच्या पहिल्या दोन ओळी झाल्या आणि ते थांबले.

"नाव घालायचंय ना?" त्यांनी विचारलं.

खरंच विचारत होते. टोमणा नव्हता.

"हो, पप्पा."

मग त्यांनी ती ओळ सांगितली. आणि मी चुकू नये म्हणून स्वतःचं नाव मला एकेक अक्षर सुटं करून सांगितलं.