आक्काची सुकटीची चिमूट

आमच्या घरात सकाळचा पहिला चहा भुऱ्या बोक्याच्या लघवीवर ठरायचा. माझी थोरली बहीण आक्का उठली की तोंडही न धुता परसात जायची. तिथं न्हाणीच्या भिंतीला लागून चाळलेल्या वाळूनं भरलेली एक जुनी पाटी असायची. आक्का तीत बोटं घालून ओलं ढेकूळ शोधायची, सापडलं की तळहातावर घेऊन किती जड आहे ते अजमावायची आणि तिथूनच ओरडायची, "मुतला गं बाई माझा राजा! ठेव रे बापू, च्या ठेव!"

मी लोहाऱ्यात मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेला माणूस. गाव मला गुरुजी म्हणतं. भिंतीपलीकडं शेजाऱ्यांच्या सुना भांडी घासताना खुदखुदायच्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"आक्का, लघवी म्हणावं," मी म्हणायचो.

"लघवी तुझ्या शाळंतली पोरं करत्यात," ती हात धूत म्हणायची. "ह्यो मुततो. आन मुतला तर जगतो. तुला कशाची लाज वाटती, मुतण्याची का जगण्याची?"

मी आत जाऊन चहा ठेवायचो.

आक्का ऐन तारुण्यात विधवा झाली. सासर नळदुर्गाकडचं, दीर-जावांचं. तिथं ती राबत राहिली. माझी बायको गेली तेव्हा माझा मुलगा लहान होता. आक्का एक गाठोडं घेऊन एसटीतून उतरली आणि माझं घर तिनं सावरलं. मुलगा शिकून सोलापूरला गेला, तिथंच त्याचा संसार झाला आणि घरात आम्ही दोघंच उरलो. ती उंच, काटक होती. दाताला मिस्री लावत ओट्यावर बसली की येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांशी बोलायची. कुणी "आक्का, कसं काय?" विचारलं की स्वतःचं न सांगता भुऱ्याचं सांगायची.

भुऱ्या तिला कडब्याच्या गंजीत सापडला होता. आई कुत्र्यांनी मारली असावी. आक्कानं कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून त्याला जगवला. मोठा झाल्यावर तो अंगानं भरला, राखाडी रंगाचा, रुबाबदार बोका झाला. मग एका उन्हाळ्यात तो सारखा वाळूत बसायला लागला. बसायचा, उठायचा, पुन्हा बसायचा. पुढं देवघरापाशी बसला, माझ्या घडी घातलेल्या धोतरावर बसला. धोतरावर थेंबभर लाल डाग पडला. मी काठी उचलली. आक्कानं माझं मनगट धरलं.

"मारू नगंस. मस्ती न्हाय ही. कळ लागतीया त्याला."

"उन्हाळी लागलीय," मी म्हणालो. लघवीची आग झाली की आमच्याकडं हाच शब्द. उन्हानं होतं, धन्या-जिऱ्याचं पाणी प्यायलं की उतरतं. माणसाचं उतरतं म्हणून बोक्याचंही उतरेल, असं मी धरून चाललो. आक्कानं धन्याचं पाणी पाजलं. दुसऱ्या दिवशी तो खाईना, ओकायला लागला. तिनं त्याच्या पोटाला हात लावला आणि तिचा चेहरा उतरला. "बापू, लिंबावानी टणक झालंय रं हितं."

आम्ही त्याला बाजाराच्या पिशवीत घालून जीपनं उमरग्याला नेलं. जीपमध्ये कुणीतरी विचारलं, "काय आक्का, कोंबडा का?" आक्का म्हणाली, "न्हाय, पोरगा हाय." सगळी जीप हसली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

उमरग्याला लहान जनावरं तपासणारे एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी भुऱ्याला गुंगी देऊन बारीक नळी घातली. तुंबलेली लघवी निघाली, तिच्यात रेतीसारखे कण होते. डॉक्टर म्हणाले, "बोक्यांची वाट फार अरुंद असते. असल्या कणांनी ती बुजते. हे पुन्हा पुन्हा होऊ शकतं. खायला ओलं द्या, भरपूर पाणी पोटात जाऊ द्या, सुकी मासळी बंद. आणि एक लक्षात ठेवा, नुसता बसतोय आणि होत नाही असं दिसलं की उन्हाळी म्हणून घरी थांबायचं नाही. ताबडतोब आणायचं. एका दिवसाच्या उशिरानं जातो तो."

मी मान डोलावली. आक्कानं ते जन्मभरासाठी मनात कोरून घेतलं. त्या दिवसापासून घरभर पाण्याच्या वाट्या दिसू लागल्या. बाजूच्या खाटकाकडून ती कोंबडीची हाडकं आणून बिनमिठाचं पातळ कालवण करायची. भुऱ्या खाईना तेव्हा बोटानं चाटवायची. "खा रं माझ्या नवाबा, तुझ्यापायी म्या माळकरी बाई हाडकं शिजवाया लागले," असं बडबडायची. त्यानंतरही त्याचं दोनदा तुंबलं. दोन्ही वेळा तिनं वेळेवर ओळखलं आणि पिशवी उचलली. मिस्री नसली तरी तिचं चालायचं, पण ढेकूळ सापडेपर्यंत ती पाण्याचा घोट घ्यायची नाही. बाजारात सुकटीचा वास आला की भुऱ्या आठवून हसायची, आणि नाक मुरडून पुढं जायची.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो.

माझ्या नातीला बघायला नळदुर्गाहून पाहुणे येणार होते. माणसं मोठी, घर सुशिक्षित. कार्यक्रम लोहाऱ्याच्या घरी व्हावा अशी माझी हौस. मुलगा आणि सून तिला घेऊन आदल्या दिवशी येणार होते. माझ्या डोळ्यांपुढं एकच चित्र येत राहिलं. पाहुण्यांच्या हातात पोह्यांच्या बश्या आहेत आणि आक्का परसातून ओरडतेय. मी तिला पाहुण्यांचं सांगितलंच नाही. म्हणालो, "आक्का, खंडोबाचं दर्शन बरेच दिवस झालं नाही तुझं. अणदूरला जाऊन ये. तुझ्या नणंदेकडं मुक्काम कर."

तिला नवल वाटलं. "तूच म्हणतूस व्हय? मग भुऱ्या?"

"मी आहे ना."

"बाकी काय बघू नगंस. घर लोटू नगंस, भांडी राहू देत. त्यो मुतला का, तेवढं बघ."

ती गेली. कार्यक्रमाच्या सकाळी मी पाटीत बघितलं. वाळू कोरडी होती. भुऱ्या तिच्यात बसून होता, शेपूट ताणलेली. माझ्याकडं बघून तो ओरडला. तो आवाज मला ओळखीचा होता. मी स्वतःला सांगितलं, संध्याकाळी बघू. सून हार ओवत होती. ती म्हणाली, "मामंजी, हे असं का ओरडतंय? पाहुण्यांपुढं बरं दिसणार नाही." मी म्हणालो, "उन्हाळी लागली असेल." डॉक्टरांनी जो शब्द मनातून काढायला सांगितला होता तोच माझ्या तोंडून निघाला, आणि तो निघाला तसं मला हलकं वाटलं. मी धन्याचं पाणी त्याच्या तोंडात ओतलं, त्याला सरपणाच्या खोलीत ठेवलं आणि कडी लावली.

पाहुणे आले. नवऱ्या मुलाच्या वडिलांनी शिक्षणाचा विषय काढला, मी माझ्या शाळेच्या गोष्टी सांगायला लागलो. रंग भरला होता. तेवढ्यात फोन वाजला. आक्का देवळाच्या आवारातून बोलत होती, मागं हलगी वाजत होती, म्हणून ती मोठ्यानं बोलत होती.

"बापू! मुतला का त्यो?"

बैठकीत सगळ्यांना ऐकू गेलं असावं. मुलाची आई पदरात हसली. माझे कान तापले.

"हो, हो. सगळं व्यवस्थित," मी म्हणालो.

"ढेकूळ बघितलंस का हातानं?"

"बघितलं. ठेवतो आता."

"लई गुणाचा माझा बापू. देवाला तुझ्या नावानं भंडारा उधळते."

मी फोन ठेवला. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "काही अडचण?" मी म्हणालो, "छे, गावाला गेलेल्या म्हाताऱ्या बहिणीचा फोन. तब्येतीची चौकशी." सरपणाच्या खोलीतून आवाज आला. मी शाळेची गोष्ट जरा मोठ्या आवाजात पुढं चालू केली.

पाहुणे संध्याकाळी गेले. मी कडी काढली तेव्हा भुऱ्या आडवा होता, डोळे उघडे, अंग गार पडत चाललेलं. उमरगा लांब नव्हतं. माझ्या मुलाची गाडी दारात उभी होती. पण मुलगा होकाराच्या आनंदात होता, आणि एका मांजरासाठी गाडी काढ असं त्याला सांगणं मला जमलं नाही. आता सकाळी बघू, असं म्हणून दुसऱ्यांदा पुढं ढकललं. सकाळी बघायला काही उरलं नव्हतं.

आक्का दुपारच्या गाडीनं आली. ओटीत देवाचा भंडारा होता. तिनं उंबऱ्यातूनच हाक मारली. मग माझ्या तोंडाकडं बघून थांबली.

"अचानक गेला," मी म्हणालो. "काल तर चांगला होता. मुतलाही होता."

तो शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारला, तो खोटं बोलण्यासाठी.

ती रडली नाही. भुऱ्याजवळ बसली, त्याच्या कपाळाला भंडारा लावला. मग सावकाश म्हणाली, "मुतला होता म्हंजी खड्यानं न्हाय गेला. खड्यानं गेला असता तर तुंबला असता. मग कशानं गेला? बापू, म्या अणदूरला निघाले तवा त्यो लई पायात पायात करत हुता. माझं काळीज पाघळलं. शेजारणीकडनं सुकटीची चिमूट मागून घेतली आन टाकली त्याच्याम्होरं. डॉक्टरनं बंद म्हणलं हुतं. म्या टाकली. म्याच मारला रं त्याला."

माझ्या एका वाक्यानं तिला आपल्या अपराधापर्यंत असं पायरीपायरीनं नेलं होतं. एवढं नीट कारण शोधणारं पोर मी शाळेत कधी शिकवलं नव्हतं. मी म्हणालो, "असू दे आक्का, मुकं जनावर."

आमच्याकडं मांजर मारल्याचं पाप सगळ्यात मोठं मानतात. काशीला सोन्याचं मांजर वाहिलं तरी फिटत नाही म्हणतात. आक्कानं स्वतःच गल्लीत सांगितलं, की माझ्या हातनं मांजर मेलं. बायकांनी मग आपल्या पद्धतीनं ते वाढवलं. "बोक्याचा एवढा लाड, आन शेवटी सुकट घालून मारला," असं नळावर बोललं जायचं. तिच्या कानावर यायचं. ती म्हणायची, "खरं हाय ते." ओट्यावर बसणं तिनं सोडलं. पाहुणे येऊन गेल्याचं तिला कळलं तेव्हाही तिनं माझ्या बाजूनंच अर्थ लावला. "म्या विधवा बाई, शुभकार्यात नको म्हणून धाडलंस ना? बरं केलंस." मी तेही तसंच राहू दिलं.

शेजारच्या सुनेनं एकदा मांजराचं पिल्लू आणून तिच्या मांडीवर ठेवलं. आक्कानं ते हळूच उचलून परत दिलं. "ने बाई. माझ्या हाताला आता पाप लागलंय." त्या वेळी मी तिथंच पेपर वाचत होतो. पान उलटलं.

पुढं उमरग्याच्या बाजारात ते डॉक्टर भेटले. त्यांना मी सगळं खरं सांगितलं, परक्या माणसाला सांगणं सोपं असतं. ते म्हणाले, "चिमूटभर सुकटीनं नाही गेला तो, गुरुजी. तुंबला होता, वेळ गेली. बहिणीला सांगा तेवढं. म्हाताऱ्या माणसाच्या मनावर ओझं नको." मी हो म्हणालो. जीपमध्ये बसल्यावर शब्द जुळवले. घरी आलो तर आक्का भाकरी थापत होती. म्हणाली, "लई दमलास. बस." मी बसलो. जेवलो. झोपलो.

गेल्या वर्षी ती अंथरुणाला खिळली. अणदूरला ती त्या दिवसानंतर एकदाही गेली नव्हती. "कोणत्या तोंडानं जाऊ?" म्हणायची. एका सकाळी तिनं मला जवळ बोलावलं.

"बापू, माझ्यासाटी अणदूरला जाऊन ये. देवाला म्हण, आक्काच्या हातनं मुक्या जीवाची हत्या झाली. जाणून न्हाय केली, मायेनं केली. पदरात घे म्हण. एवढंच म्हण."

मी गेलो. रांगेत उभा राहिलो. देवापुढं आलो तेव्हा तिचं नाव घेऊन ते वाक्य म्हणायला माझी जीभ वळेना. माझं नाव घ्यायलाही वळेना. मागून कुणीतरी म्हणालं, "चला बाबा, म्होरं व्हा." पुजाऱ्यांनी हातावर भंडारा ठेवला आणि मी बाहेर आलो. येताना एसटीत ठरवलं होतं की आज घरी जाऊन सांगायचंच.

आक्का जागी होती. सोलापूरहून आलेली सून उशाशी बसली होती. मी भंडारा तिच्या कपाळाला लावला.

"म्हणलास का देवाला?"

तिचा चेहरा इतक्या आशेनं माझ्याकडं वळला होता.

"म्हणालो," मी म्हणालो.

तिनं डोळे मिटले. कितीतरी वर्षांनी तिच्या कपाळावरच्या आठ्या गेलेल्या दिसल्या. त्यानंतर आठवडाभरात ती गेली. तेराव्याला जेवायला आलेल्या बायका एकमेकींना सांगत होत्या, की बिचारीला मांजराच्या हत्येनं खाल्लं. मी वाढत होतो. तेव्हाही बोललो नाही, म्हणून आता लिहून ठेवतो आहे. आक्काच्या हातून कुणाचीही हत्या झाली नव्हती. कडी मी लावली होती.

मी अणदूरहून आलो त्या दिवशी डोळे मिटूनच ती सुनेला म्हणाली होती, "दुसरं कुणी गेलं असतं तर देवानं ऐकलं नसतं. आमचा बापू कवा खोटं बोलत न्हाय." सून माझ्याकडं बघून म्हणाली, "खरंच की, मामंजी."

मी मान डोलावली.