मोहाखालची आरोळी

देविदासला दगड लागल्याचा निरोप आला तेव्हा माझा उजवा हात एका म्हशीच्या तोंडात होता. पुसेगावच्या गुरांच्या दवाखान्यात मी नुसता पट्टी बांधणारा. औषध पाजताना म्हशीनं बांबूचं नळकांडं चावून फोडलं आणि तुकडे काढता काढता माझीच बोटं तिच्या दाढेखाली आली होती. जीपवाला दारातून ओरडला, "डाक्टर, देविदासभाऊला दगड लागला, खदानीपाशी!" मी म्हणालो, "तोवर हळद दाबा, मलम घेऊन आलोच." मग बोटं सोडवली, हात धुतले, चहासुद्धा प्यालो... देविदासला दगड लागणं ही काय बातमी होती? त्याच्या अंगावर दगडाचा वण नाही अशी जागा शोधावी लागे. मलमाची डबी खिशात टाकून पोचलो, तेव्हा त्याच्यावर चादर घातलेली होती, आणि डोक्याच्या जागी ती चादर जवळजवळ सपाट होती.

आमची ओळखच मुळी मारामारीनं झाली. म्हणजे त्यानं मारलं आणि मी खाल्लं. तेव्हा आपला जिल्हा वेगळा झाला नव्हता, आपण परभणीतच होतो. नवी नोकरी, तांड्यावरच्या गुरांना लस टोचायची होती. सेनगावच्या रस्त्यावर जीप सोडली की साग-पळसाच्या रानातून एक पाऊलवाट तांड्याकडे जाते. अर्ध्या तासाची वाट. मध्ये बंद पडलेली दगडाची खदान लागते. एका अंगाला उभा कापलेला काळा कडा, दुसऱ्या अंगाला पाण्यानं भरलेला खड्डा, आणि दोहोंच्या मधून वाट. कड्याच्या अलीकडे, वळणावर मोहाचं झाड. तांड्यावरून देविदास मला न्यायला आला होता. लशीचा डबा मिरवत, गाणं गुणगुणत मी मोहाच्या पुढं गेलो आणि मागून कॉलर धरून त्यानं माझ्या कानाखाली अशी लावली की गाण्याची पुढची ओळ आजतागायत आठवलेली नाही.

"वरड आधी!"

"काय ओरडू?"

"माणूस हाय रे, म्हन! दोनदा. मग थांब. मग चाल."

"पण खदान तर बंद आहे ना?"

"खदान बंद हाय. आत एक बार अजून जित्ता हाय."

देविदास त्या खदानीत बारवाला होता, सुरुंग उडवणारा. कड्याला भोकं पाडायची, दारू ठासायची, वात पेटवायची आणि पळायचं. डाव्या हाताची दोन बोटं त्यानं तिथंच ठेवली होती. वाटसरूनं मोहाखालून 'माणूस हाय' ओरडायचं म्हणजे बारवाला थांबेल. बारवाल्यानं 'बार हाय' ओरडलं की दिसेल त्या धोंड्याआड सगळ्यांनी पालथं पडायचं. शेवटचा एक बार फुटलाच नाही, म्हणून खदान बंद पडल्यावरही तांड्याची बायापोरं मोहाखाली ओरडूनच पुढं जात. मी ओरडलो. माझा आवाज ऐकून देविदास म्हणाला, "बकरी हाय असं वाटून राहिलं. पुन्यांदा."

पुढं एका वैशाखात त्याच खड्ड्याच्या पाण्यावरून जुंपली. गावातल्या लोकांनी इंजिन आणलं, शेताला पाणी ओढायला. तांड्याची गुरं तिथंच पाणी पीत. मी टोचणीला गेलो होतो, बघतच उभा राहिलो. कुऱ्हाडीचा पहिला घाव इंजिनाच्या पट्ट्यावर बसला, दुसरा एकाच्या खांद्यात. हाड वाजलेलं मी ऐकलं. मग काठ्या, दगड, दात. एकाची कवटी नारळासारखी तडकली आणि रक्त त्याच्या डोळ्यांत उतरलं, तरी तो आंधळ्यासारखा काठी फिरवतच होता. देविदासचा धाकटा भाऊ खाली पडला, आणि त्याच्यावर गावातल्या एका गड्यानं कुऱ्हाड उचलली.

देविदास वीस हात लांब होता. पोचणं शक्य नव्हतं. त्यानं तोंडाशी दोन्ही हात नेले आणि ओरडला, "बार हाय रेऽऽ, बाऽऽर!"

दोन्हीकडचे सगळे कधी ना कधी त्या खदानीत राबलेले. कुऱ्हाडी पडल्या, काठ्या पडल्या, माणसं धोंड्यांआड पालथी झाली. तो कुऱ्हाडवाला तर ज्याला तोडायला निघाला होता त्याच्याच अंगावर पडला आणि त्याच्या डोक्यावर आपले हात धरून राहिला. उभा एकटा मी, हातात बैलाला टोचायची सुई. कुणीतरी माझी तंगडी ओढली, "मरतो का, डाक्टर!"

बार फुटला नाही. पण पुन्हा कुऱ्हाड उचलायला कुणाचा हात वळेना. सोयरीक वगैरे काही झाली नाही हो. कोर्टकचेरी पुढं कितीतरी वर्षं चालली. पण त्या दिवशी कुणी मेलं नाही. त्या फुटक्या डोक्याला मी टाके घातले, गुरांच्याच सुईनं. तो एवढा हंबरला की तांड्यातल्या गाईंनी ओ दिली. देविदास मला नंतर जन्मभर विचारायचा, "डाक्टर, तुमी सुई घेऊन काहून उभे होते? कोनाला भेव दाखवून राहिलते?"

आणि त्याच देविदासला बारानंच मारलं. रस्त्याच्या कामाला गिट्टी हवी म्हणून कुणीतरी परवानगी न घेता तिथं यंत्रं लावली होती. भोकं यंत्रानं, बार बटणावर. त्याची बायको सोनीबाई सरपणाची मोळी घेऊन त्याच्या मागं चालत होती. ती मला चादरीपाशी म्हणाली, "वरडले ना ते. मोहाखाली दोनदा वरडले. थांबले बी. तिकून कोनीच वरडलं न्हाई..." यंत्राच्या आवाजात यंत्रवाल्यांना ऐकू गेलं नसेल. गेलं असेल तर ते काहून ओरडलं जातं, हे माहीत नसेल. ती माणसं पळून गेली होती. तांड्यानं यंत्रं पेटवली, टायर दिवसभर जळत होते, आणि त्या काळ्या धुरात मी मलमाची डबी धरून उभा होतो.

परवा पुन्हा लशीचा डबा घेऊन त्या वाटेनं गेलो. यंत्रं पुन्हा आलेली नाहीत. देविदासच्याच विचारात मोह मागं पडला, आणि कड्याखाली आल्यावर एकदम मान आखडली. मी डोळे मिटून कानाखालच्या फटक्याची वाट पाहत उभा राहिलो. फटका आला नाही... मागं फिरलो, मोहाखाली आलो आणि छाती फुटेस्तोवर ओरडलो, "माणूस हाय रेऽऽ!" दोनदा ओरडलो. तिथंच उभा राहिलो.

मागून सोनीबाईचा आवाज आला. डोक्यावर मोळी, मागं आणखी दोघी.

"व्हा ना पुढं, डाक्टर. आमाला बी वरडायचं हाय."