दोरीच्या वरची जागा

एल्वा मल्डून पुढच्या रांगेत बसत नाही. कोर्टात नाही, चर्चमध्ये नाही, सख्ख्या भावाच्या मयतीलासुद्धा नाही. एकदा राजधानीत सरकारनं तिला सन्मानानं बोलावलं. पहिल्या रांगेत खुर्ची, खुर्चीला मखमल, मखमलीवर तिच्या नावाची चिठ्ठी. बाईनं खुर्ची उचलली, सगळ्या सुटाबुटांच्या मधून नेली आणि मागच्या भिंतीला टेकवून बसली. फोटोवाल्यांची पळापळ झाली ती वेगळीच.

बिंडारा गावात काही जण म्हणतात, म्हातारीला माज आहे. म्हणोत. आहेच माज. फुकट मिळालेला नाही, मिळवलेला आहे.

ती जन्मली नदीपलीकडच्या वस्तीत. गोऱ्यांनी आमची, इथल्या मूळच्या लोकांची, जमीन घेतली आणि त्या बदल्यात आम्हाला पत्र्याची घरं आणि एक नळ दिला, ती वस्ती. वयात आल्यावर एल्वा मांसाच्या कारखान्यात लागली. गोठलेलं मांस खोक्यात भरता भरता युनियनची पुढारीण झाली. मालकानं दोनदा काढलं. दोन्ही वेळा फाटकावर उभी राहिली आणि परत आत गेली. त्यानंतर मोर्चे, जमिनीचे खटले, कुणाचा पोरगा पोलिसांनी उचलला की मध्येच जेवण टाकून चौकीवर. निवांत बूड टेकून बसलेली एल्वा कुणी पाहिलेली नाही. चहासुद्धा उभ्यानं पिते.

मागच्या पुरात तिचं घर गेलं. तेव्हापासून ती चाकांवरच्या घरात राहते. चांगली लांबलचक कॅरव्हॅन आहे, दोन-दोन जोड चाकांची, आत पलंग, शेगडी, फ्रिज, भिंतीवर आईचा फोटो. ओढायला तिच्याच वयाची वाटावी अशी जुनी गाडी, मागे उघडा हौदा. कॅरव्हॅन उभी असली तरी बाई ती गाडीपासून सोडवत नाही. चुलतबहीण जॉयलीन तिच्याबरोबर राहते. ती म्हणते, "घर कसलं, जीन घातलेलं घोडं आहे. कधी उठून पळेल नेम नाही."

आणि त्या दिवशी पळायचीच वेळ आली. नदी पुन्हा चढत होती. कॅरव्हॅनवाल्यांचा तळ नदीकाठच्या सपाटीवर. दुपारी पोलिसांची गाडी भोंगा वाजवत फिरली, अंधार पडायच्या आत मैदान रिकामं करा. पण जायचं कुठे? गावाबाहेरचे दोन्ही रस्ते पाण्याखाली गेलेले. उंचावर, मोठ्या छपराची एकच जागा होती, पॅट्रिनोसचं जुनं थेटर.

थेटर बंद पडून जमाना झाला. मध्यंतरी एका टायरवाल्यानं ते भाड्यानं घेतलं, खुर्च्या उपटल्या आणि पडद्याच्या भिंतीला मोठं भगदाड पाडून मागच्या गल्लीच्या बाजूनं शटर बसवलं. जमीन मात्र थेटराचीच राहिली. मागून पडद्याकडे उतरत येणारी, लाकडी फळ्यांची. शटरमधून आत शिरलं की थोडी सपाटी आणि मग चढ, थेट वर मागच्या भिंतीपर्यंत.

शटरशी गॅव्हिन उभा होता. मदतपथकाचा भगवा डगला घातलेला, पन्नाशीचा, सभ्य माणूस. त्याचा बाप एल्वाबरोबर कारखान्यात होता. त्यानं कॅरव्हॅन पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"मावशी, सगळ्यात जड तुझीच आहे. जड ते खाली. वरून सुटली तर खालच्या सगळ्यांचा चुरा होईल. तू आता बाजूला थांब, बाकीच्यांना वर चढू दे. तुझी जागा खाली, पुढे."

बोलणं शहाणपणाचं होतं. पण एल्वाच्या कानात शेवटचे दोनच शब्द शिरले. खाली, पुढे.

तिच्या लहानपणी शनिवारी रात्री अख्खी वस्ती पूल ओलांडून सिनेमाला यायची. तिकीट गोऱ्यांइतकंच. दार मात्र बाजूचं. बसायचं पडद्याच्या पायाशी, मान मोडेपर्यंत वर बघत. आणि आपल्या मागे, भिंतीतल्या एका कडीपासून समोरच्या भिंतीतल्या कडीपर्यंत दोरी. दोरीच्या वर गोरे. तेरा वर्षांची असताना एल्वा दिवे मालवल्यावर दोरीखालून सरकली आणि वरच्या एका रिकाम्या खुर्चीत जाऊन बसली. बॅटरीचा झोत तोंडावर आला. दंडाला धरून तिला उतारावरून खाली आणलं आणि तसंच बाहेर काढलं. लोक हसले. आई हसली नाही. आईनं घरी नेऊन तिलाच बडवली, रडत रडत. त्यानंतर एल्वानं या थेटरात पाऊल टाकलं नव्हतं.

"मी वर लावणार," ती म्हणाली.

"मावशी, ऐक की."

"मागच्या भिंतीला. सगळ्यात वर."

"अगं, पण का? खाली सपाट आहे, पाणी शटरच्या आत येत नाही, शटर जवळ. लोक भांडतील त्या जागेसाठी!"

"मग दे की त्यांना. मी कुठं अडवलंय?"

गॅव्हिन चिडला. "हे बघ, मी तुला वर जाऊ देणार नाही. खाली लाव, नाहीतर राहा गल्लीत उभी. गल्लीत रात्री पाणी भरतं, तुला माहीत आहे. एकदा घर गेलंय तुझं. दुसरंही घालवायचंय?"

जॉयलीननं एल्वाची बाही ओढली. "एल्वा, लाव ना गं खाली. एका रात्रीचा तर प्रश्न आहे. आईचा फोटो आहे आत."

"म्हणूनच," एल्वा म्हणाली.

मागे रांगेतल्या गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. एल्वा गाडीभोवती फेऱ्या मारत होती. टायरला लाथ, कडीला हिसका, पुन्हा फेरी. तेवढ्यात आतून काठी टेकत एक म्हातारा आला. स्टेलिओस पॅट्रिनोस. थेटराचा मालक. त्याचा बाप तिकिटं फाडायचा आणि हा दर शनिवारी दोरी बांधायचा. तोही तेव्हा तेराचाच.

"काय गोंधळ आहे?" त्यानं विचारलं आणि मग एल्वाला पाहिलं.

"तुझ्या थेटरात जागा मागतेय," एल्वा म्हणाली. "तिकीट काढू का? बाजूच्या दारानं येऊ का?"

स्टेलिओसनं मान खाली घातली. आत, चढाच्या मध्यावर, भिंतीतली लोखंडी कडी अजून तिथंच होती, रंगाचे थरावर थर चढलेली. गॅव्हिनचीही नजर तिकडे गेली. तो बिचारा साखळी अडकवायला काहीतरी शोधत होता. "वर लावायचीच तर एखादी साखळी त्या कडीला..."

"त्या कडीचा काही उपयोग नाही," स्टेलिओस घाईघाईनं म्हणाला. "सुती दोरीपुरती ठोकलेली आहे ती. तिला बांधून बकरीसुद्धा थांबायची नाही."

"आम्ही थांबलो होतो की," एल्वा म्हणाली.

गॅव्हिन एकदा म्हाताऱ्याकडे, एकदा म्हातारीकडे बघत राहिला. त्याला सगळं कळलं की नाही देव जाणे, पण तो शटरसमोरून बाजूला झाला.

"पहिली तीच जाईल," स्टेलिओस म्हणाला. "छप्पर माझं आहे."

"गाडी सोडवायची नाही," गॅव्हिननं बोट नाचवलं. "गियरमध्ये ठेवायची, हँडब्रेक ओढायचा, आणि सगळ्या चाकांखाली उटीचे ठोकळे. मला चारदा तपासायचंय."

"पाचदा तपास."

वर न्यायची म्हणजे कॅरव्हॅन उलटी, मागे मागे चढवायची. ज्यानं कधी हे केलंय त्यालाच कळेल. मागचं घर डावीकडे वळवायचं तर स्टिअरिंग उजवीकडे. त्यात चढ. त्यात लाकूड. त्यात ओले टायर. जॉयलीन हातात उटीचे ठोकळे घेऊन मागे उभी राहिली आणि दोन्ही हात एकदम हलवायला लागली.

"अगं, ये म्हणतेस का जा म्हणतेस?" एल्वा खिडकीतून ओरडली.

"ये! ये! नको, थांब! ये!"

"एक काय ते बोल, बये!"

निम्मा चढ झाला आणि गाडीची मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. रबराचा वास सुटला. कॅरव्हॅन हळूच वाकडी झाली, आणि मग सगळं मिळून खाली सरकू लागलं. जॉयलीननं देवाचं नाव घेत चाकाखाली ठोकळा सरकवला. करकरत थांबलं. एल्वानं खिडकीबाहेर पाहिलं. भिंतीतली कडी बरोबर तिच्या कोपराशी होती.

"बस्स, मावशी," गॅव्हिन घाम पुसत म्हणाला. "इथंच राहू दे. मधोमध. तुझंही राहिलं, माझंही."

"या कडीपाशी?" एल्वाचा आवाज चिरकला. "इथं मला उभी करतोस? इथं?"

"हौदा रिकामा आहे," स्टेलिओस मध्येच बोलला. "चाकांवर वजनच नाही. धरणार कशी?" त्यानं काठी हौद्यात टाकली आणि गुडघे कुरकुरत असताना वर चढायला लागला.

"ए म्हाताऱ्या, मरशील!"

"मेलो तर वजन तेवढंच राहील. तू गाडी बघ."

रांगेत दक्षिणेकडून फिरायला आलेलं एक गोरं जोडपं होतं, हाफ पँटवालं, आधीपासून तमाशा बघत असलेलं. नवरा म्हणाला, "मीही बसू का? माझं वजन चांगलं आहे." बायको म्हणाली, "चांगलं काय, भरपूर आहे," आणि दोघंही चढले. शेवटी गॅव्हिन पण चढला. "पथकात कुणाला सांगू नका," म्हणाला.

"सगळे मागच्या फळीशी बसा," स्टेलिओसनं हुकूम सोडला. "चाकांच्या वर!"

एल्वानं एकदा आरशात पाहिलं. हौद्यात चार डोकी, त्यात एक पांढरं, तिच्याकडे पाठ करून. तिनं क्लच सोडला. चाकं एकदा घसरली, चरचरली आणि मग त्यांनी फळ्या धरल्या. इंच इंच, मागे मागे, अख्खं घर चढावर गेलं. कडी खिडकीतून पुढे सरकत सरकत खाली राहिली. मागच्या भिंतीला बंपर टेकला तेव्हा जॉयलीन "बास!" म्हणाली, आणि या वेळी एकदाच.

गॅव्हिननं उट्या खरंच पाचदा तपासल्या. स्टेलिओस हौद्यातून उतरवून घेण्यासाठी हात पुढे करून बसला होता. एल्वानं त्याला उतरवला. दोघांचे हात जरा वेळ तसेच राहिले.

"बाबा म्हणायचे, इथूनच चांगलं दिसतं," तो पुटपुटला.

"ठाऊक आहे. पाच मिनिटं बसले होते मी." तिनं हात सोडवून घेतला. "नीट जा. उतार आहे."

मग बाकीच्या कॅरव्हॅन एकेक करत आत आल्या. हाफ पँटवालं जोडपं सगळ्यात शेवटी, खाली, पडद्याच्या पायाशी. त्यांनी घडीच्या खुर्च्या मांडल्या, टेबल मांडलं. नवरा खालून ओरडला, "ताई, झकास जागा आहे हो! एकदम सपाट! चहा घ्यायला या!"

वर सपाट नव्हतं. गाडी सोडवायची नाही, त्यामुळे घर उतारालाच कलतं राहिलं. गॅसवरचा फ्रिज कलता चालत नाही, तो गप्प झाला. कपाटाचं दार आपोआप उघडत होतं. पलंगावर टाकलेली उशी खाली यायची. आईचा फोटो खिळ्यावर तिरका लोंबत होता. एल्वा तो सरळ करायची, तो पुन्हा तिरका व्हायचा. तिनं कॅरव्हॅनच्या पायरीवर बसून पाहिलं. उठली. खाली कडीपर्यंत गेली, परत आली. पुन्हा बसली. समोर सगळा उतार पसरला होता, छपरांमागे छपरं, आणि टोकाला शटरच्या चौकटीत राखी आभाळ. पडद्याएवढंच. बाहेर नदीचा आवाज येत होता.

जॉयलीननं दोन कप आणून पायरीवर ठेवले. एक कप लगेच घसरायला लागला, तिनं पकडला.

"खाली त्या लोकांकडे जाऊन पिऊ या का? बोलावलंय त्यांनी. इथं चहा सांडतोय गं."

एल्वानं आपला कप उचलला. उठली नाही.

"सांडू दे," म्हणाली.