मीटरचा काटा आणि माझं माहेर

आमच्या घरी पाण्याचं मीटर बसलं, आणि आठवड्याच्या आत घरचं पाणी बंद झालं.

लढाईचे दिवस होते. शहापूरजवळ, मुंबईला पाणी नेणाऱ्या थोरल्या नळावर आमचे हे देखरेखीला होते. राहायला वसाहतीतलं घर, आणि घरात चक्क नळ! उधळपट्टी थांबावी म्हणून ह्यांच्या साहेबांनी घरोघरी मीटर बसवलं. पाणी जास्त वापरलं की नळाला सील! लोकांना काटकसर शिकवायचं काम ह्यांच्याकडे. (घरात शिकवायचं तेवढं राहून गेलं.)

मी नवी नवरी. धसईला माहेरी निरोप धाडला, "पाणी मोजायचं यंत्र आलंय, बघायला या." वाटलं, आत्या तेवढी येईल. बैलगाडी भरून माणसं आली!

आत्यानं मीटरला कान लावला. "शाले, ह्ये तर गप हाय गो!"

"नळ सोडला की फिरतं," मी ऐटीत म्हणाले आणि सोडला.

"फिरला रे फिरला!" काका ओरडले.

"आमी नाय बघितला! परत सोड!" मागची मंडळी.

परत सोडला. मग प्रत्येकाला स्वतःच्या हातानं सोडायचा होता! हंडे भरले, घागरी भरल्या, परात भरली. पाणी वाया जाऊ नये (काटकसर शिकवणाऱ्याची बायको ना मी!) म्हणून पोरांना आंघोळी घातल्या. पोरं संपली, तेव्हा काकांनी बैल आणले.

"आता काटा मागं घे," आत्या म्हणाली.

"तो मागं जात नाही, आत्या."

"म्हंजी समदं ध्यानात ठेवतो? चहाडखोर मेला!"

तेवढ्यात हे दारात, सोबत साहेब! काटकसरीचं आदर्श घर दाखवायला आणलं होतं. अंगणातलं पाणी साहेबांच्या बुटांवरून वाहत होतं.

काका अदबीनं पुढं झाले. "सायेब, काय काळजी नको. यंत्र झ्याक चालतंय. आमी सकाळधरनं तपासतोय!"

साहेबांनी नळाला सील ठोकलं. ह्यांनी अबोला धरला. (जेवण मात्र दोन्ही वेळा व्यवस्थित!) आणि मी शेजारच्या कमळाबाईंच्या नळावर हंडे भरू लागले.

पुढच्या महिन्यात मुंबईहून बडे साहेब मीटरच्या नोंदी तपासायला आले. सगळ्या घरांत कमी पाणी कुणाचं? आमचं! सगळ्यांत जास्त? कमळाबाईंचं! सीलाबद्दल कोण बोलणार? आमच्या साहेबांनाही आपली योजना गाजायला हवीच होती. ते आढ्याकडे बघत राहिले.

"बाई," बडे साहेब मला म्हणाले, "एवढं पाणी कसं वाचवता, ते जरा या कमळाबाईंना समजावून सांगा."

मी पदर सावरला आणि काटकसरीवर बोलले. चांगलं घसा मोकळा करून बोलले! कमळाबाई माझ्याकडे नुसत्या बघत होत्या. शेवटी मीच भाषण आटोपतं घेतलं. संध्याकाळचे हंडे त्यांच्याकडेच भरायचे होते ना!