भगीरथ सायकलनं घाट चढला

शेणव्याच्या भगीरथनं तरुणपणी सायकल इतकी मारली होती, की पुढं तिच्याकडं बघायचीही त्याला इच्छा उरली नाही. शहापूरजवळच्या कारखान्यात पहिल्या पाळीला पोचायचं म्हणजे काळोखातच निघायचं, आणि उशीर झाला की फाटकावरूनच परत. मोटारसायकल घेतली त्या दिवशी त्यानं ती सायकल भंगारवाल्याला देऊन टाकली. आता त्याच्याकडं पिकअप होती. गावोगावची भेंडी बाजारात पोचवायची, हा त्याचा धंदा.

गेल्या हिवाळ्यात नाशिकहून सायकलवाल्यांची एक टोळी आली. डोंगराच्या कडेकडेनं, नद्या ओलांडत थेट गोव्याला निघाले होते. त्यांची सामानाची गाडी शेणव्यात बंद पडली, म्हणून माळशेजच्या माथ्यापर्यंत सामान न्यायला त्यांनी भगीरथला बोलावलं.

किन्हवली गेली, शाई नदीचा पूल गेला. पुढं घामानं भिजलेली शिकलीसवरलेली माणसं, मागं भगीरथची अर्धी रिकामी गाडी. यांना कुणी पाठवलंय, हेच त्याला कळेना. एकाला विचारलं तर तो म्हणाला, "कुणी नाही, काका. सुट्टी घेतलीय." सुट्टी घेऊन हे?

वैशाखरे गावापाशी घाट समोर दिसायला लागला, तशा टोळीतल्या सरिताबाई थांबल्या. साठीच्या, नुकत्याच बँकेतून निवृत्त झालेल्या.

"गुडघा सुजलाय," त्या म्हणाल्या. "मी गाडीनं येते."

भगीरथ सायकल उचलून मागं टाकायला लागला.

"ती नका टाकू. मला गाडी चालवता येते. सायकल तुम्ही आणा."

"मी? कशाला, बाई?"

"या सायकलनं घाट चढायला हवा, असं मनात आहे. माझ्याकडून होत नाही, तर तुमच्याकडून होऊ दे."

यात अर्थ काय, हे त्याला उमगलं नाही. नाही म्हणायलाही जमलं नाही. किल्ली देऊन तो सायकलवर बसला.

सायकल कापसासारखी हलकी होती. दोन-तीनदा गिअर खरखरले, मग चाक लागलं फिरायला. थोडं वर गेल्यावर मात्र भगीरथ बुचकळ्यात पडला. किती जोरात मारायची, हेच ठरेना. आजवर सायकल मारली ती पोचायला. वर आज फाटक नव्हतं, मुकादम नव्हता. उशीर झाला तरी कुणी काही बोलणार नव्हतं. तो जोरात मारायचा, मग कशाला म्हणून हळू व्हायचा, मग हळू तरी कशाला म्हणून परत जोर लावायचा. मागून एसटी आली. चालक ओळखीचा, धसईचा लडकू.

"भगीरथ, गाडी ईकलीस का रं?"

"नाय रं."

"मग?"

तेवढ्यात एसटी पुढं गेली, ते बरंच झालं. एका वळणावर पायात गोळे आले. तो कठड्याला टेकला आणि त्याचे डोळे भरून आले. दुःख नव्हतं, आनंदही नव्हता. घाम असेल म्हणून त्यानं ते पुसले आणि पुन्हा सायकलवर बसला.

माथ्यावर सरिताबाईंनी पाण्याची बाटली पुढं केली. "कसं वाटलं?"

"काय कळत नाय, बाई."

"मलाही कळत नाही," त्या म्हणाल्या आणि लंगडत जाऊन सायकलवर बसल्या. जुन्नरच्या बाजूचा उतार होता.

घरी मंगळीनं, त्याच्या बायकोनं, सगळं ऐकून घेतलं.

"मजा आली का?"

"नाय."

"तरास झाला?"

"लय."

"मग हसताव कशाला?"

आपण हसतोय, हे त्याच्या ध्यानातच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात त्यानं पडवीतली रुपालीची, म्हणजे लेकीची, शाळेची सायकल काढून हवा भरली. मंगळी तांदूळ पाखडत होती.

"कुठं निघालाव?"

"असाच. नदीपर्यंत."

"नदीला काय काम हाय?"

"काय नाय गो," म्हणून तो निघाला. वाटेत जो भेटेल तो थांबवून तेच विचारी. एकाला तो म्हणाला दवाखान्यात चाललोय, दुसऱ्याला म्हणाला गिऱ्हाईक बघायला. तिसऱ्याला मात्र काय सांगावं ते सुचलं नाही, तेव्हा त्यानं नुसता हात वर केला आणि पायडल मारत राहिला.